अकरा सेकंद

नदीकडे आमच्याकडे कुणी बघत नाही,
काळाघोड्याच्या पुलावर नाकाला रुमाल, नजर सिग्नलवर.
मी बघायचो. नोकरीच तशी.
प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं,
बरण्या, लेबलं, फॉर्मलीन,
आणि परदेशातलं कुणी कॅमेरा घेऊन आलं
की साहेब म्हणायचे, "खानविलकर, यांना मगरी दाखव."

इंग्रज तिघं होते, पेट्या सव्वीस.
विश्वामित्रीच्या काठी एकोणीस दिवस बसले.
मगर हलली नाही, तेही नाहीत.
पुढं टीव्हीवर पाहिलं: एक म्हातारा आवाज,
शेजारच्या खोलीत मूल निजलंय अशा बेतानं बोलणारा.
मग तो थांबतो. चक्क थांबतो.
वाळूखालून अंडी बोलतात, कुंई, कुंई,
आणि आई माती उकरायला लागते.
अकरा सेकंद. मी मोजलेत.

अमेरिकन बुवा माझ्याशी अगदी हळू बोलला,
चहात साखर किती ते विचारलं,
आणि कॅमेरा सुरू होताच ओरडला,
"इथं एक चूक, आणि खेळ खलास!"
ती चूक करायला तो तीनदा पाण्यात उतरला.
त्याच्या कार्यक्रमात दर सात मिनिटांनी काहीतरी होणार असतं,
मग साबणाची जाहिरात,
मग पुन्हा तेच होणार असतं.
आई पिल्लू जबड्यात उचलते तिथं ढोल.
गिळतेय असंच वाटतं.

जर्मन बाई एकटी आली, थर्मामीटर घेऊन.
घरट्यात किती ऊब, त्यावर नर की मादी ठरतं,
हे तिनं दांडिया बाजारात आमच्या ओट्यावर करून दाखवलं,
हिच्या पाच लिटरच्या कुकरात वाळू भरून.
कुकरची शिट्टी अजून नीट वाजत नाही.

जपान्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट,
तिच्यात कुणीतरी सतत चकित होत असतं.
एक कापडी अंडं प्रश्न विचारतं, पाहुणे पाट्यांवर उत्तरं लिहितात.
त्यात बॅटरी धरलेला एक कोपर दिसतो.
तो माझा.
हिनं ते रेकॉर्ड करून ठेवलंय. पाहुणे आले की लावते,
"थांबा, आता येईल, हा बघा, गेला."

आपल्या चॅनेलनं मगरीभोवती लाल गोल काढला.
मगर झोपली होती.
गोल मात्र धडधडत होता.

या सगळ्यांच्या आधी, रंगीत टीव्ही नवा होता तेव्हा,
आमच्या मोघे सरांनी सरकारी केंद्रावर मगर शिकवली.
फिल्मला पैसे नव्हते. तक्ता लटकवला,
खालची दांडी सारखी वर गुंडाळायची, ती मी धरून बसलो,
चौकटीच्या बाहेर, वीस मिनिटं, न शिंकता.
खरी नदी तिथून किती लांब? सायकलनं पंधरा मिनिटं.
सर "म्हणजे बघा" खूप वेळा म्हणाले.
कुणी पाहिलं असेल असं वाटलं नव्हतं.
तर पोस्टकार्डं आली, एकशे सहा.
छोटाउदेपूरच्या एका मुलीनं विचारलेलं:
मगरीला आपली पिल्लं ओळखू येतात का, की सगळीच उचलते?
सर म्हणाले, "म्हणजे बघा, मला माहीत नाही,"
आणि तेच तिला लिहून कळवलं.
पत्र मीच टाकलं, स्टेशनसमोरच्या पेटीत.

परवा इंग्रजांची ती फिल्म पुन्हा लागली, हिंदीतून.
त्या अकरा सेकंदांत आता एक गृहस्थ घाईनं सांगतात,
"सुना आपने? अंडों के अंदर से बच्चे पुकार रहे हैं!"
ऐकू येत नाही.
ते बोलतायत ना.

ही म्हणाली, आवाज बंद करू का?
म्हटलं, बंद करून काय ऐकायचं?

जून लागला की पुलावर स्कूटर बाजूला घेतो.
तिथून काही ऐकू येणं शक्य नाही, कळतं मला.
तरी मोजतो.
काल चारपर्यंत गेलो,
मागून रिक्षाचा हॉर्न.